जांभळा शिंजीर आणि लोटनचा शिंजीर : ओळख

जांभळा शिंजीर (सिनिरिस एशियाटिकस) आणि लोटनचा शिंजीर (सिनिरिस लोटेनियस) या सूर्यपक्षी कुळातल्या, एकाच प्रजातीतल्या दोन जाती. विणीच्या काळात दोघांचेही नर लांबून नुसते काळे दिसतात. उन्हाची तिरीप अंगावर पडली की त्याच काळ्यातून निळी, जांभळी, हिरवट झाक उसळते. कोकणात, गोव्यात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत दोघे एकाच बागेत, कधी तर एकाच झाडावर येतात आणि गफलत होते ती तिथेच. मराठवाडा-विदर्भाकडे अंगणात येणारा काळा शिंजीर बहुधा जांभळाच असतो.

ओळखताना रंगावर विसंबू नये. ही चमक रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून ती तयार होते, त्यामुळे पक्ष्याने मान वळवली की रंगही पालटतो. चोचीचा आकार तसा पालटत नाही, म्हणून सुरुवात चोचीपासून करावी. जांभळ्या शिंजिराची चोच बारीक, बेताच्या लांबीची आणि किंचित खाली झुकलेली असते. लोटनच्या शिंजिराची चोच लांबलचक आणि विळ्यासारखी वाकलेली, इतकी की एवढ्याशा जिवाला ती जड होत असेल असे वाटावे. चोचीपासून शेपटीपर्यंत जांभळा सुमारे १० सेंमी, तर लोटनचा सुमारे १३ सेंमी भरतो. या फरकात चोचीचा वाटा मोठा आहे. मात्र पक्षी बाजूने दिसायला हवा. तोंड आपल्याकडे असेल तर लोटनची चोचही आखूड भासते आणि अशा एकाच छायाचित्रावरून दिलेला निर्वाळा अनेकदा चुकतो. पक्षी वळेपर्यंत थांबावे. शिंजीर फार वेळ एका दिशेला बसत नाही.

नराची दुसरी खूण पोटाची. जांभळ्याचे पोट छातीसारखेच गडद, निळसर काळे असते. लोटनची छाती चमकदार असली तरी तिच्याखाली पोट धुरकट तपकिरी, निस्तेज असते आणि पंखही तसेच. चमकदार भाग आणि पोट यांच्या मध्ये छातीवर किरमिजी-तांबूस पट्टा असतो. इथेच एक घोळ आहे: जांभळ्याच्या छातीवरही असा अरुंद, पुसटसा पट्टा असू शकतो, चांगल्या उजेडात तो दिसतोही. म्हणून ‘पट्टा दिसला म्हणजे लोटन’ हा आडाखा खरा धरू नये. पट्टा आणि त्याखालचे तपकिरी पोट, दोन्ही मिळून पाहावे.

माघ-फाल्गुनात आंब्यावरच्या बांडगुळाला नळीसारखी फुले येतात, तेव्हा हा सगळा ताळा जवळून पडताळता येतो. शिंजीर डहाळीला पाय रोवून बसतो, चोच नळीत घालतो, जिभेने मध ओढतो आणि डोके बाहेर काढतो तेव्हा कपाळावर परागांची पूड चिकटलेली असते. हा फिकट ठिपका म्हणजे पक्ष्याची खूण समजून नवखे निरीक्षक वेगळीच जात शोधू लागतात. लोटनचा शिंजीर फुलासमोर पंख फडफडवत क्षणभर अधांतरीही राहतो. कोळ्याच्या जाळ्यातले किडे तो असेच टिपतो.

विणीचा हंगाम सरला की जांभळ्याचा नर कात टाकल्यासारखा बदलतो. साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तो मादीसारखा पिवळट पोटाचा दिसतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ ओढलेली असते. वयात येणाऱ्या कोवळ्या नरालाही अशीच रेघ असते. ही रेघ आणि आखूड चोच एकत्र दिसली तर शंकेला जागा राहत नाही.

माद्यांची ओळख खरोखर अवघड आहे. दोन्ही वरून करड्या-तपकिरी, खालून पिवळसर. जांभळ्याच्या मादीला डोळ्यावर फिकट भुवई असते, लोटनच्या मादीला ती नसते. पण ही भुवई पुसट असते आणि झाडाच्या सावलीत हरवते. अखेर माद्यांच्या बाबतीतही निवाडा चोचीवरच करावा लागतो, आणि सोबत नर असेल तर तो पाहून घ्यावा.

जांभळ्या शिंजिराचा प्रदेश पश्चिम आशियापासून भारतभर आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे; रुक्ष माळ, शेत, शहरातली बाग, सगळे त्याला चालते. लोटनचा शिंजीर जगात फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका इथेच सापडतो. त्याला झाडी दाट लागते, तरी मुंबईसारख्या शहराच्या कडेच्या जंगलातही तो राहतो. त्याच्या नावातला लोटन म्हणजे योआन गिडियन लोटन, १७५२ ते १७५७ या काळात सिलोनचा डच गव्हर्नर. त्याने पीटर कॉर्नेलिस दे बेव्हेरे या चित्रकाराकडून तिथल्या प्राण्यापक्ष्यांची चित्रे काढून घेतली होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६६ मध्ये लोटनच्या शिंजिराला शास्त्रीय नाव दिले. जांभळ्याचे नामकरण इंग्रज पक्षितज्ज्ञ लॅथमने १७९० मध्ये केले.

घरट्यातही फरक असतो. दोन्ही घरटी लोंबत्या बटव्यासारखी, कोळ्याच्या जाळ्याने विणलेली. जांभळ्याच्या घरट्याच्या तोंडावर पडवीसारखे छप्पर काढलेले असते आणि खाली काटक्या-सालींची दाढी लोंबते. लोटनच्या घरट्याला सहसा ही दोन्ही नसतात. कधी कधी तर लोटनची जोडी समूहाने राहणाऱ्या कोळ्यांचे मोठे, गुंतलेले जाळे पोखरून त्यातच घर करते. वाळक्या पानांनी भरलेले ते कोळिष्टक फांदीला लटकत असते. आत घरटे आहे हे कळते ते त्या भोकातून लांब, वाकडी चोच बाहेर आल्यावर.