दीव शहर: बंदर आणि वारसास्थळे

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगत, अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेल्या दीव बेटाच्या पूर्व टोकाला हे बंदराचे शहर वसले आहे. २०२० पासून ते ‘दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव’ या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. बहुतेक पर्यटक येतात ते नागव्याच्या अर्धचंद्राकृती किनाऱ्यासाठी, पण दीवचे खरे मोल तटाच्या आतल्या जुन्या गावात आणि बंदराच्या तोंडाशी आहे.

गुजरातच्या सुलतानांच्या काळात दीव हे अरबी समुद्रावरील व्यापाराचे नाक्याचे ठाणे होते. सुलतानाचा सुभेदार मलिक अयाज याने बंदराची मजबूत तटबंदी केली होती. १५०९ मध्ये याच पाण्यात पोर्तुगीजांनी इजिप्तच्या मामलुक राजवटीच्या व गुजराती आरमाराचा पराभव केला. तरीही दीव त्यांच्या हाती लागले नाही. पुढे हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांना वसई देऊन टाकली आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. दोनच वर्षांनी तो दीवच्याच समुद्रात मारला गेला. १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे किल्ल्याने सोसले, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत दीव पोर्तुगीजांकडेच राहिले.

दीवचा किल्ला पाहायला निदान अर्धा दिवस हाताशी हवा. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडक फोडून काढलेले खंदक. बाहेरच्या खंदकात भरतीचे पाणी खेळत असे, त्यामुळे शत्रूला कोरड्या पायांनी तटाला भिडता येत नसे. बुरुजांवर जुन्या तोफा अजून आहेत, वर दीपस्तंभ आहे. इथून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा जलदुर्ग दिसतो. त्याची दगडी बांधणी नांगरलेल्या गलबतासारखी आहे. हे दोन्ही एकत्र पाहिले की बंदरात शिरणाऱ्या जहाजावर दोन्हीकडून मारा कसा होत असेल, ते लगेच ध्यानात येते.

शहराच्या पश्चिम तटातील झांपा दरवाजावर सिंह, देवदूत आणि पाद्री कोरलेले आहेत. तटाबाहेरच्या नायडा गुहा नैसर्गिक वाटल्या तरी बांधकामासाठी दगड काढून काढून त्या झाल्या असे मानतात. भिंतींवर चौकोनी काप पायऱ्यांसारखे उतरत गेलेले, छताच्या भोकांतून उन्हाचे तिरपे झोत आणि वरच्या झाडांची लोंबती मुळे. किल्ल्याइतकाच वेळ इथे द्यावा.

चर्चपैकी जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी १७व्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेले सेंट पॉल चर्च सर्वांत देखणे. दर्शनी भागावर भरगच्च कोरीव काम आहे आणि तिथे उपासना अजून चालते. सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय असून त्यात संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती आहेत. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या वास्तूत पुढे रुग्णालय सुरू झाले.

फुदम गावाजवळ गंगेश्वर आहे: समुद्रालगतच्या खडकात पाच शिवलिंगे, भरतीच्या लाटा थेट त्यांच्यावर येतात. ती पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा आहे. पारशी परंपरेनुसार इराणहून निघालेले त्यांचे पूर्वज गुजरातच्या किनाऱ्यावरील संजाणला पोहोचण्याआधी १९ वर्षे दीवमध्ये राहिले.

चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकाडावर आयएनएस खुकरीचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने दीवपासून दूर समुद्रात ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. त्याच नावाची पुढची युद्धनौका निवृत्तीनंतर २०२२ मध्ये संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे सोपवण्यात आली.

बेटाच्या पश्चिम टोकाचे वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव. बेटावर फिरताना फांद्या फुटणारा होका ताड जागोजागी दिसतो. ताडाच्या जातींत असा फांद्यांचा वृक्ष विरळाच.