गोल्डवॅक्सची पहिली वर्षे आणि जेम्स कार यांचा आवाज

१९६४ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ‘गोल्डवॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी सुरू झाली. तिचे एक मालक क्विंटन क्लॉन्च हार्डवेअरच्या मालाची विक्री करून उदरनिर्वाह करीत, तर ‘डॉक’ या नावाने ओळखले जाणारे दुसरे मालक रूडॉल्फ रसेल फार्मासिस्ट होते. तबकड्यांचा धंदा हे दोघांचेही पोटापाण्याचे साधन नव्हते. तरीही पुढच्या पाच-सहा वर्षांत या कंपनीने जेम्स कार यांच्या आवाजात जी गाणी काढली, ती सोल संगीताचे जाणकार त्या काळचे नामवंत सोल गायक ओटिस रेडिंग यांच्या उत्तम गाण्यांच्या शेजारी ठेवतात. सर्वसाधारण श्रोत्यापर्यंत कार यांचे नाव फारसे पोहोचले नाही. पोहोचले तेही बहुतेक करून ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ या एका गाण्यामुळे आणि त्यांच्या मानसिक आजाराच्या हकिगतींमुळे. त्या गाण्याआधीच्या तीन वर्षांकडे सहसा कोणी वळत नाही आणि कार गायक म्हणून किती तयार होते, हे तर त्याच वर्षांतल्या तबकड्यांत ऐकू येते.

कार यांचा जन्म १३ जून १९४२ रोजी मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलजवळच्या कोहोमा या कापसाच्या पट्ट्यातील गावी झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. जेम्स लहान असतानाच हे कुटुंब मेम्फिसला आले आणि तिथल्या चर्चमध्ये ते गाऊ लागले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनात एकच ओळ दर वेळी वेगळ्या जोराने घेणे, एखादा शब्द ताणत नेऊन अर्ध्यावर सोडणे, मुख्य गायकाच्या हाकेला बाकीच्यांनी साद देणे या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. त्या लहानपणापासून कानावर पडतात. हीच पद्धत देवाऐवजी माणसाच्या प्रेमाला, विरहाला आणि पश्चात्तापाला लावली गेली, तेव्हा तिला साठच्या दशकात ‘सोल’ हे नाव मिळाले. तरुणपणी कार टेबले बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत आणि ‘हार्मनी एकोज’ या गॉस्पेल समूहात गात.

या समूहाची व्यवस्था रूझवेल्ट जेमिसन पाहत असत आणि कार यांच्या सुरुवातीच्या वाटचालीत त्यांच्याइतके महत्त्वाचे माणूस दुसरे नाही. जेमिसन मेम्फिसमधील एका रक्तपेढीत नोकरी करीत आणि तिथल्याच मागच्या खोलीत गायकांच्या तालमी घेत. ते स्वतः गीते लिहीत. दोन आवाजांवर त्यांचा विशेष विश्वास होता: एक ओ. व्ही. राइट यांचा आणि दुसरा जेम्स कार यांचा. एके रात्री बाराच्या सुमारास हे तिघे एक छोटे टेपरेकॉर्डर घेऊन आपल्या दारात कसे उभे राहिले आणि दिवाणखान्यात जमिनीवर बसून आपण त्या फिती कशा ऐकल्या, हे क्लॉन्च यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. वंशभेदाच्या नियमांनी बांधलेल्या दक्षिणेत, १९६४ मध्ये, तीन कृष्णवर्णीय तरुणांनी मध्यरात्री गोऱ्या माणसाचे दार ठोठावणे ही साधी गोष्ट नव्हती आणि ते दार उघडले गेले, ही त्याहूनही साधी नव्हती.

क्लॉन्च यांची पार्श्वभूमी वेगळी होती. तेही मूळचे मिसिसिपीचेच, पण कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीतातले गिटारवादक. पन्नासच्या दशकात त्यांनी मेम्फिसच्याच ‘सन’ या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वादन केले होते आणि १९५७ मध्ये ‘हाय’ ही कंपनी उभी करणाऱ्यांमध्येही ते होते. कंट्री गाण्यात कथा सरळ सांगायची असते, शब्द स्पष्ट लागतात आणि दुःखाचे प्रदर्शन टाळले जाते. गॉस्पेलमध्ये वाढलेला गळा आणि कंट्रीत मुरलेला कान गोल्डवॅक्समध्ये एकत्र आले. कार यांच्या गाण्यांतला जो संयम पुढे वाखाणला गेला, तो मला या मेळातूनच आलेला वाटतो, कारण निव्वळ गॉस्पेलच्या वळणाने गाणारा गायक त्या जागी बहुधा आवाज मोकळा सोडून देतो.

त्या रात्रीचे पहिले फळ मात्र राइट यांच्या वाट्याला आले. जेमिसन यांनी लिहिलेले ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे गाणे राइट यांच्या आवाजात १९६४ मध्ये गोल्डवॅक्सने काढले. लवकरच ओटिस रेडिंग यांनी ते गायले, त्यापाठोपाठ रोलिंग स्टोन्स यांनीही, आणि मूळ तबकडी मागे पडली. शिवाय राइट हे गॉस्पेल गायक म्हणून आधीच ह्यूस्टनच्या डॉन रोबी यांच्या ‘पीकॉक’ कंपनीशी करारबद्ध होते. रोबी यांनी त्या कराराच्या जोरावर त्यांना परत नेले. गोल्डवॅक्सकडे नंतर स्पेन्सर विगिन्स आणि ‘ओव्हेशन्स’ यांच्यासारखी चांगली मंडळी होती, तरी कंपनीची मुख्य भिस्त आता कार यांच्यावर आली.

कार यांची पहिली तबकडी ‘यू डोन्ट वॉन्ट मी’ ही होती आणि तिच्या मागच्या बाजूला ‘ओन्ली फूल्स रन अवे’ हे गाणे होते. त्यानंतर ‘लव्हर्स कॉम्पिटिशन’ आणि ‘आय कान्ट मेक इट’ यांची जोडी आली, मग ‘शीज बेटर दॅन यू’. यांपैकी एकही गाणे लोकप्रिय गाण्यांच्या राष्ट्रीय यादीत गेले नाही. ती सलग ऐकली की कंपनी चाचपडत असल्याचे लगेच कळते: एकात ब्लूजचा जोर, दुसऱ्यात त्या काळच्या पॉपचा गुळगुळीतपणा, तिसऱ्यात संथ विनवणी. गायक मात्र चाचपडत नाही. त्यांच्या आवाजाचा पल्ला मुळात खालच्या सुरांचा, भरदार. ओळीच्या शेवटी तो किंचित खरखरीत होतो, आणि ती खरखर मुद्दाम आणलेली नसून त्या शब्दाच्या ओझ्याने उमटल्यासारखी वाटते. गाणे साधारण असले तरी कार ते सहज उरकून टाकीत नाहीत. अपयशी ठरलेल्या या तबकड्या मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात. पुढे चांगली गाणी मिळाली आणि त्यामुळे ते मोठे गायक झाले, असा क्रम यात दिसत नाही. गायक आधीच तयार होता आणि त्याला साजेशी गाणी मागाहून आली.

ती गाणी आणणाऱ्यांमध्ये ओ. बी. मॅक्लिंटन यांचे नाव आधी घ्यायला हवे. मिसिसिपीतील सेनाटोबियाचे हे कृष्णवर्णीय गीतकार, धर्मोपदेशकाचे पुत्र, आणि त्यांचे मन कंट्री संगीतात. सत्तरच्या दशकात ते स्वतः कंट्री गायक म्हणून पुढे आले. ‘शीज बेटर दॅन यू’ त्यांचेच. १९६६ मध्ये त्यांच्याच ‘यू’व्ह गॉट माय माइंड मेस्ड अप’ या गाण्याने कार यांना पहिले मोठे यश दिले: कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या, म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते ७ व्या स्थानापर्यंत गेले, सर्वसाधारण पॉप यादीत ६३ व्या. त्यावर रेडिंग यांच्या शैलीची छाया आहे, हे खरे आहे. परंतु रेडिंग ज्या ठिकाणी शब्द तोडून, तुकड्या-तुकड्यांनी उसळी घेतात, त्या ठिकाणी कार आवाज एकसंध ठेवतात आणि ताण हळूहळू वाढवत नेतात. प्रेमाने बुद्धी भ्रमिष्ट झाल्याचे सांगणारे ते शब्द त्यांच्या पुढच्या आयुष्याचा दाखला म्हणून वारंवार वापरले गेले आहेत. हे मला योग्य वाटत नाही. ते दुसऱ्याने लिहिलेले गाणे आहे आणि चोविशीच्या आतबाहेर असलेल्या एका कसलेल्या गायकाने ते पूर्ण भान ठेवून गायले आहे.

त्याच वर्षी ‘लव्ह अटॅक’ आणि ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’ ही गाणीही रिदम अँड ब्लूजच्या यादीत आली. गोल्डवॅक्सच्या तबकड्या तोवर न्यूयॉर्कच्या ‘बेल’ कंपनीमार्फत वितरित होऊ लागल्या होत्या.

१९६६ च्या उन्हाळ्यात नॅशव्हिल येथे रेडिओ निवेदकांचे संमेलन भरले होते. गीतकार डॅन पेन आणि चिप्स मोमन तिथे पत्ते खेळत असताना त्यांना एक कल्पना सुचली. बसून लिहिण्यासाठी त्यांनी क्लॉन्च यांची हॉटेलातली खोली मागितली आणि क्लॉन्च यांनी ती एका अटीवर दिली: गाणे तयार झाले की ते जेम्स कार यांना द्यायचे. सुमारे अर्ध्या तासात ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ लिहून झाले. ध्वनिमुद्रण मेम्फिसमध्ये ‘हाय’च्या रॉयल स्टुडिओत झाले आणि १९६७ च्या आरंभी गाणे रिदम अँड ब्लूजच्या यादीत १० व्या स्थानापर्यंत पोहोचले. चोरून भेटणाऱ्या दोघांची ही जेमतेम अडीच मिनिटांची कथा कार अगदी खालच्या आवाजात सुरू करतात. पकडले जाण्याची भीती आणि तरीही न थांबण्याची असहायता या दोन्ही गोष्टी आवाज न चढवता ऐकू येतात. क्लॉन्च यांनी ती अट घातली, कारण आधीच्या तीन वर्षांत त्यांनी हा आवाज साध्यासुध्या गाण्यांतही ऐकलेला होता. नंतर परसी स्लेज, अरिथा फ्रँकलिन, लिंडा रॉनस्टॅट अशा अनेकांनी हे गाणे गायले.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. यश मिळाल्यावर कार यांची व्यवस्था रेडिंग यांचे व्यवस्थापक फिल वॉल्डन यांच्याकडे गेली आणि जेमिसन बाजूला पडले. कार यांना समजून घेणारा, सांभाळणारा माणूस नेमका तेव्हाच दूर झाला. द्विध्रुवी मनोविकार वाढत गेला, दौरे झेपेनासे झाले. १९६८ मधील ‘अ मॅन नीड्स अ वूमन’ चांगले चालले, पण दशक संपता संपता गोल्डवॅक्सही बंद झाली. १९७१ मध्ये ‘अटलांटिक’ कंपनीसाठी एक तबकडी, १९७७ मध्ये जेमिसन यांच्याच प्रयत्नाने आणखी एक, १९७९ मध्ये जपानचा अवघड ठरलेला दौरा आणि नव्वदच्या दशकात दोन अल्बम, एवढीच त्यानंतरची नोंद आहे. ७ जानेवारी २००१ रोजी मेम्फिस येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

लंडनच्या ‘केंट’ कंपनीने पुढे गोल्डवॅक्सच्या त्यांच्या सगळ्या तबकड्या एकत्र प्रसिद्ध केल्या. त्या संग्रहातली पहिली पाच-सहा गाणी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. ‘आय कान्ट मेक इट’ तिथेच, सुरुवातीच्या त्या गाण्यांत आहे.