पाळण्यातल्या पायांना किती भाव द्यायचा?

२०१९ चा जुलै. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स टीमनं ओक्लाहोमा सिटी थंडर या टीमकडून स्टार खेळाडू पॉल जॉर्जला घेतलं आणि बदल्यात काय काय दिलं बघा: डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या राउंडचे पाच ड्राफ्ट पिक (म्हणजे पुढच्या वर्षांत नवी पोरं निवडायचे हक्क), वर दोन पिक-स्वॅप (निवडीचा नंबर अदलाबदल करायचे हक्क), आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा एक पोरगा, ज्याला अजून २१ पण पूर्ण नव्हती. जॉर्ज २९ चा, त्या सीझनला मॅचमागे २८ पॉइंट, एमव्हीपीच्या, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तिसरा. पोराचे मॅचमागे १०.८. आज सगळे क्लिपर्सला हसतात, कारण तोच पोरगा २०२५ ला एमव्हीपी झाला आणि त्याच वर्षी थंडर चॅम्पियन. पण उत्तरपत्रिका हातात घेऊन हसणं सोपंय. त्या दिवशी टेबलावर जेवढं होतं तेवढ्यावरच गणित मांडायचं तर?

आधी पोराचे आकडे. पहिल्या सीझनला त्याचे थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, ३६.७ टक्के आत गेले, म्हणजे चांगलेच की! पण वर्षभरात त्यानं ते मारलेच साधारण १४०. एवढ्याशा शॉट्समध्ये नुसत्या नशिबानं आकडा चारेक टक्के इकडेतिकडे सरकतो, म्हणजे पोराचा खरा नेम ३३ चाही असू शकतो आणि ४० चाही, आणि आपल्याला बाहेरून दोन्ही सारखेच दिसणार. नवीन हॉटेलला सहा जणांनी पाच स्टार दिलेत आणि जुन्याला दोन हजार जणांनी ४.४, तर घरच्यांना घेऊन आपण कुठे जातो? तेच इथे. स्टॅटिस्टिक्सवाले कच्चा आकडा तसाच उचलत नाहीत, त्याला लीगच्या सरासरीकडे ओढतात, आणि सॅम्पल जितकं लहान तितकं जास्त ओढतात. याला म्हणतात श्रिंकेज. पाय पाळण्यात दिसतात हे खरंय, फक्त फोटो जरा ब्लर असतो.

गंमत अशी की हीच ओढ स्टारलाही लागते आणि तिथे ती लावायला सगळे विसरतात. जॉर्जचे २८ पॉइंट म्हणजे त्याच्या आख्ख्या करिअरमधला बेस्ट सीझन. माणूस शिखरावर असतो तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त किंमत येते, आणि शिखराच्या पुढच्या वर्षी आकडा बहुतेक वेळा खालीच येतो, कारण त्या एका वर्षात कौशल्याबरोबर थोडं नशीबही मिसळलेलं असतं. पुढच्या सीझनला जॉर्ज २१.५ वर आला. खांद्यांची ऑपरेशनं झाली होती, बॉल क्लिपर्सच्याच दुसऱ्या स्टारबरोबर, कवाय लेनर्डबरोबर, वाटून घ्यायचा होता, ही कारणं आहेतच, पण २८ परत कधीच दिसले नाहीत.

वयाचं गणित तर अजून फसवं. एनबीएमधल्या ३४ वर्षांच्या खेळाडूंची सरासरी काढा, बरी दिसते, वाटतं वयानं फारसं काही बिघडत नाही. पण ३४ व्या वर्षी लीगमध्ये उरतं कोण? जे मुळातच भारी होते तेच. बाकीचे घरी गेले, ते सरासरीत नाहीतच. म्हणून एकाच खेळाडूचं यंदाचं आणि मागच्या वर्षीचं, असा फरक काढत जावं लागतं, मग कळतं की साधारण २५ ते २९ मध्ये माथा येतो आणि नंतर उतार. उडी आणि वेग आधी जातो, नेम बराच टिकतो.

मग स्टारसाठी एवढं देतातच कशाला? कारण मैदानावर पाचच जण आणि बॉल एक. पाच बऱ्या खेळाडूंची बेरीज करून एक लेब्रॉन जेम्स होत नाही. पाचशेची नोट आणि पाचशेची चिल्लर इथे सारखी नाही. २०१४ ला क्लीव्हलँडनं अँड्र्यू विगिन्स आणि अँथनी बेनेट, म्हणजे लागोपाठच्या दोन ड्राफ्टचे पहिल्या नंबरचे पिक, देऊन तयार स्टार केविन लव्हला आणलं. त्यांचा लेब्रॉन तेव्हा २९ चा, विगिन्स मोठा होईपर्यंत थांबायला वेळ कुठे होता? २०१६ ला चॅम्पियन झाले. विगिन्सला चॅम्पियनची रिंग मिळाली ती २०२२ ला, तीही दुसऱ्याच टीमकडून, आणि बेनेट चार सीझनमध्ये लीगबाहेर. माझ्या मते तो ट्रेड शंभर टक्के बरोबर होता. आणि क्लिपर्सचाही, मी म्हणतो, लोकांना वाटतो तितका वेडा नव्हता, कारण जॉर्ज आला तरच लेनर्ड येणार असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, म्हणजे ती किंमत एकाची नाही, दोघांची होती.

चुकलं कुठे, तर मला वाटतं पगार आणि चिठ्ठ्यांमध्ये, म्हणजे त्या ड्राफ्ट पिकमध्ये. टीमच्या एकूण पगाराला २०१९-२० ची कॅप, म्हणजे लीगनं घातलेली मर्यादा, होती सुमारे १०.९ कोटी डॉलर. त्यात जॉर्ज ३.३ कोटी, पोरगा ४० लाखांच्या आत. म्हणजे पोरगा नुसता ठीकठाक निघाला असता तरी स्वस्तात पडला असता!

अर्थात उलटी चूकही होतेच, आपला तो बाब्या. १९९५ मध्ये स्टॉ आणि होआंग या दोन संशोधकांनी दाखवलं की ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरनं घेतलेल्या पोरांना, खेळ तेवढाच असला तरी, खालच्या नंबरवाल्यांपेक्षा जास्त मिनिटं मिळतात आणि त्यांना टीमही उशिरा सोडते. भारी किंमत मोजलीय ना, मग निघेलच हिरा.

आणि ते पाच पिक? त्यातल्या २०२२ च्या पिकवर थंडरनं बाराव्या नंबरला जेलन विल्यम्सला घेतलं. ट्रेड झाला तेव्हा हा १८ चा, कॉलेज सुरू व्हायचं होतं, क्लिपर्सच्या ऑफिसात त्याचं नावही कुणी काढलं नसेल. २०२५ च्या फायनलच्या पाचव्या मॅचला, आपल्याकडे सकाळ होती, त्यानं ४० पॉइंट मारले.