शिबिराचा खर्च आणि सहलीचा खर्च: दोन्ही एकाच मापाने मोजू नका

मार्च संपत आला की घरोघरी एकच प्रश्न निघतो. यंदा पोरांना शिबिराला घालायचं की सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊन यायचं? दोन्हींचे आकडे शेजारी मांडले जातात, ज्याचा आकडा लहान ते ठरतं. गफलत इथेच होते, कारण हे दोन खर्च दिसायला सारखे असले तरी वाढतात वेगवेगळ्या कारणांनी. शिबिराचा खर्च मुलांच्या संख्येवर चढतो. सहलीचा खर्च अंतरावर आणि मुक्कामाच्या रात्रींवर चढतो, मुलांच्या संख्येचा त्यावर फार परिणाम होत नाही.

छत्रपती संभाजीनगरचं एक कुटुंब धरू: आई, वडील, 11 वर्षांचा मुलगा आणि 9 वर्षांची मुलगी. खालचे दर गृहीत धरलेले आहेत. आपल्याकडे मिळालेले दर त्या जागी घाला, रीत तीच राहील.

पुण्याजवळच्या डोंगरात 5 दिवसांचं निवासी शिबिर आहे आणि शुल्क माणशी 7,000 रुपये, म्हणजे दोघांचे 14,000. पत्रकावर एवढंच छापलेलं असतं. त्यासोबत सॅक, बूट, टॉर्च, टोपी, अंथरूण-पांघरूण असं सामान लागतं. घरात काहीच नसेल तर मुलामागे 1,500 सहज जातात. मग पोहोचवणं आणि आणणं. पालकाला पुण्याच्या दोन फेऱ्या पडतात, हे हिशेबात बहुतेकांकडून राहून जातं. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून महिलांनाही. म्हणून आई गेली तर जाताना दीड, परतताना अर्धं, आणायला जाताना अर्धं आणि येताना दीड, अशी एकूण 4 पूर्ण तिकिटं होतात. वडील गेले तर हीच बेरीज 6 होते. तिकीट 400 धरलं तर 1,600 आणि 2,400 असा फरक आहे. वाकडेवाडी स्थानकापासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत रिक्षाला चार वेळांचे मिळून 800. आई गेली असं धरून एकूण 19,400 रुपये.

आता सहल. स्वतःच्या गाडीने कोकणात दिवेआगर, 3 रात्री. तिथलं फिरणं धरून 900 किलोमीटर, लिटरला 15 किलोमीटर या हिशेबाने 60 लिटर पेट्रोल, 105 रुपयांनी 6,300. टोल 1,200. खोली 2,200 ने तीन रात्रींचे 6,600, जादा गादीचे 900. जेवण-नाश्ता दिवसाला 1,800 ने चार दिवसांचे 7,200. फिरणं, होडी, खाऊ 2,000. एकूण 24,200.

नुसतं एवढं पाहिलं तर शिबिर स्वस्त वाटतं. पण एकच मूल असतं तर? शिबिराचा हिशेब 10,500 वर येतो. सहलीतून गादीचे 900, जेवणाचे सुमारे 1,400 आणि फिरण्याचे 500 कमी होतात, म्हणजे 21,400 उरतात. दुसऱ्या मुलामुळे शिबिर 8,900 ने वाढतं आणि सहल फक्त 2,800 ने. एक मूल असलेल्या घरात शिबिर ठळकपणे स्वस्त आहे. दोन मुलांना दोन्ही आकडे जवळ येतात आणि तिसरं मूल किंवा भाचा-पुतण्या सोबत असेल तर पारडं फिरतं. मुलं चुलत-मावस भावंडांसोबत वाढतात अशा आपल्या घरांत हा मुद्दा मोठा आहे. मात्र चार मुलं झाली की दुसरी खोली किंवा मोठी गाडी लागते आणि सहलीचा खर्च एकदम उडी मारतो. गाडीत आणि खोलीत किती जण मावतात, हे आधी मोजा.

रेल्वेने जाणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. 5 वर्षांपासून 12 पूर्ण होईपर्यंत अर्धं भाडं फक्त स्वतंत्र बर्थ नको असेल तरच लागतं, बर्थ घेतला की पूर्ण भाडं. एसटीत आपलं हे कुटुंब अडीच तिकिटांत बसतं, रात्रीच्या गाडीत चार बर्थ घेतले तर चार भाडी पडतात. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. 10 मेला निघायचं तर 11 मार्चला, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या आधीच ठरलेलं हवं. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये मेच्या जागा मिळतील म्हणून एप्रिलमध्ये खिडकीवर जाणं व्यर्थ आहे. लग्नसराईची गर्दी तोवर बसलेली असते.

दिवसाचं शिबिर, म्हणजे छंदवर्ग, हा तिसराच प्रकार. दहा दिवस, रोज तीन तास, शुल्क 2,500, साहित्याचे 400, दोघांच्या रिक्षाचे रोज 80. दोन मुलांचे 6,600 होतात. मुलं मिळून 60 तास तिथे असतात, म्हणजे तासाला 110 रुपये. हे परवडतं. पण नोकरी करणाऱ्या पालकांनी यातून दिवसभराची सोय होईल असं समजू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे चांगले वर्ग सकाळी 7 ला सुरू होऊन 10 ला सुटतात. पुढे संध्याकाळपर्यंत आजी, शेजारीण किंवा गावाकडचं घर लागतंच. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चालणारं शिबिर कितीही स्वस्त असलं तरी मुलांना तिथे घालू नका. पिण्याचं पाणी कुठून येतं, वीज गेली तर काय सोय आहे, हे जागेवर जाऊन पाहा.

लातूर, नांदेडकडे आणखी एक सरमिसळ दिसते. काही क्लास मेमध्ये 'समर कॅम्प' लावतात आणि त्यात पुढच्या वर्षीच्या गणित-विज्ञानाची उजळणी असते. ती शिकवणीच आहे. ती घ्यायला हरकत नाही, पण तिचे पैसे शिक्षणाच्या खर्चात धरा. सुट्टीच्या पैशांतून ते गेले की मुलांची सुट्टीही गेली आणि सहलही.

आमचं मत स्पष्ट आहे. 8 वर्षांखालच्या मुलाला निवासी शिबिरावर पैसे घालवू नका. छंदवर्ग आणि मामाचं गाव पुरेसं आहे. 10 च्या पुढच्या मुलाला घराबाहेर चार रात्री राहणं खरोखर उपयोगी पडतं, आणि ते सहलीत मिळत नाही, कारण तिथे त्याची सॅक आईच भरते. उलट आई-वडील दोघंही वर्षभर कामात असतील तर एकत्र घालवलेले चार दिवस कोणतंही शिबिर देऊ शकत नाही.

दोन्ही हवं असेल तर शिबिर संपण्याचा दिवस हाच सहलीचा पहिला दिवस ठेवा. पुण्याहून मुलांना घेऊन तसंच कोकणात उतरलं की आणायला जाण्याची वेगळी फेरी वाचते. अडचण एवढीच की पोरं दमलेली असतात आणि सगळे कपडे मळलेले असतात. म्हणून कपड्यांचा दुसरा जोड गाडीत असू द्या आणि पहिल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून कोकणातल्या होड्या बंद होऊ लागतात, तेव्हा 20 मेच्या आत परत या.

पैसे कमी असतील तर छंदवर्गासोबत जवळच्या दोन एक-दिवसाच्या सहली जोडा. वेरूळ संभाजीनगरपासून 30 किलोमीटरवर आहे आणि मंगळवारी बंद असतं. अजिंठा 100 किलोमीटरवर आहे आणि सोमवारी बंद असतं. प्रौढांना 40 रुपये तिकीट, 15 वर्षांखालच्यांना मोफत. मेमध्ये दगड तापतो, त्यामुळे लेणी उघडताच आत जा आणि 11 पर्यंत बाहेर पडा. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने जावं लागतं, तो वेळ आणि बसभाडं धरा.

कराच्या बाबतीतही दोन्हींत फरक आहे. पगारात रजा प्रवास भत्ता असेल तर सहलीच्या फक्त प्रवासभाड्यावर सूट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच आणि चार वर्षांच्या गटात दोनदा. खोली आणि जेवण त्यात येत नाही. शिबिराच्या शुल्कावर शिकवणी शुल्काची वजावट नाही, ती पूर्णवेळ शिक्षणासाठीच आहे.

रक्कम ठरवताना जूनकडे पाहा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, वह्या-पुस्तकं-गणवेश त्याच पंधरवड्यात लागतात, आणि शेती असेल तर मृगाच्या आसपास बियाणं-खतं. हे पैसे बाजूला काढून जे उरेल तेच सुट्टीचं. कर्ज काढून दोन्हींपैकी काहीच करू नका.

शिबिराला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मूल आजारी पडलं तर किती परत, शिबिर रद्द झालं तर किती परत, आणि शुल्कात कर धरला आहे का. गिर्यारोहण, रॅपलिंग, पाण्यातले खेळ असतील तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. सहलीची खोली घेतानाही आगाऊ रक्कम एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका आणि रद्द करण्याची शेवटची तारीख मोबाईलवर लिहून घ्या.