हवाई पद्धतीचा मुरवलेला स्टेक

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर घराच्या अंगणात किंवा समुद्रकाठच्या बागेत कोळशावर भाजला जाणारा गोमांसाचा काप. भाजण्याआधी तो जपानी सोया सॉस (बेटांवर त्याला शोयू म्हणतात), अननसाचा रस, आले, लसूण आणि तपकिरी साखर यांच्या मिश्रणात काही तास मुरवतात. काही घरांत त्यात तिळाचे तेल आणि कांद्याची पात घालतात, काही घरांत पपई किंवा पॅशन फ्रूटचा रस. बाहेरून काळपट-तांबूस, गोडसर आणि खमंग, आतून मऊ आणि रसदार अशी त्याची ओळख आहे. मुख्य भूमीवरील अमेरिकेत आणि अन्यत्र ‘ट्रॉपिकल’ नावाने जे स्टेक घरी भाजले जातात, त्यांपैकी बऱ्याच पाककृतींमागे ही पद्धत उभी आहे.

गंमत अशी, की या पदार्थातला जवळजवळ एकही घटक मूळचा हवाईचा नाही. गुरे १७९३ साली आली. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने ती राजा पहिला कामेहामेहा याला भेट दिली आणि त्यांची पैदास व्हावी म्हणून राजाने त्यांना मारण्यावर दहा वर्षांची बंदी घातली. बंदीचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच मोठा झाला. गुरे रानटी झाली, त्यांचे कळप डोंगरउतारांवर पसरले आणि त्यांना पकडण्यासाठी खड्डे खणावे लागले. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस १८३४ मध्ये मौना केआच्या उतारावर अशाच एका खड्ड्यात मरण पावला. खड्ड्यात आधीच एक बैल अडकलेला होता. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या मेक्सिकोच्या ताब्यातील कॅलिफोर्नियातून घोडेस्वार गुराखी बोलावले गेले. त्यांच्याकडून शिकलेले स्थानिक गुराखी पानिओलो या नावाने ओळखले जातात. वाइमेआ येथील पार्कर रँच हे मोठे गुरचराईचे ठाणे १८४७ पासूनचे आहे. खारवून वाळवलेले गोमांस (पिपिकाऊला) आणि निखाऱ्यांवर भाजलेले, मीठ-लसणाचे पूलेहू मांस ही या गुराख्यांच्या जेवणातली मूळ रूपे. गोड-खारट मॅरिनेड, म्हणजे मुरवण्याचे मिश्रण, त्यावर नंतर चढले.

ते चढवले उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांनी. १८५२ पासून चिनी, १८८५ पासून सरकारी करारावर मोठ्या संख्येने जपानी, १९०३ पासून कोरियन आणि १९०६ पासून फिलिपिनो मजूर येत गेले. जपानी घरांतले शोयू-साखर-आल्याचे तेरियाकी आणि कोरियन घरांतल्या लसूण-तीळतेलात मुरवून भाजलेल्या बरगड्या म्हणजे काल्बी ही या स्टेकची दोन जवळची नाती. दुपारच्या सुट्टीत मजूर एकमेकांच्या डब्यातले खात आणि त्या देवाणघेवाणीतून आजचे ‘प्लेट लंच’ तयार झाले : दोन गोळे भात, मॅकरोनी सॅलड आणि शेजारी भाजलेले मांस. हवाई पद्धतीचा स्टेक घरीही बहुधा याच थाटात वाढतात. भाताशिवाय तो अर्धवट वाटतो, कारण मांसातून ओघळणारा गोड-खारट रस झेलायला काहीतरी हवेच.

अननसाची लागवड फ्रान्सिस्को दे पाउला मारीन या स्पॅनिश स्थलांतरिताच्या रोजनिशीत १८१३ साली नोंदलेली आहे. त्याचा मोठा धंदा मात्र जेम्स डोल याने उभारला. त्याने १९०१ मध्ये हवाईयन पाइनॅपल कंपनी काढली आणि १९२२ मध्ये लानाई हे बेटच विकत घेतले. डबाबंद अननस आणि पुढे डबाबंद रस अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिकमधून परतलेले सैनिक, डॉन द बीचकोंबर आणि ट्रेडर व्हिक्स यांसारखी ‘पॉलिनेशियन’ थाटाची उपाहारगृहे, १९५२ मध्ये इलिनॉयमध्ये जॉर्ज स्टीफन याने बनवलेली झाकणाची गोल वेबर शेगडी आणि १९५९ मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा, या सगळ्यांमुळे अंगणात भाजलेल्या मांसाला अननसाची साथ देण्याची प्रथा मुख्य भूमीवर रुजली. बेटांवर त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अर्नेस्ट मोर्गाडो याने शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात अशाच सॉसमध्ये भाजलेली कोंबडी खिलवली. दोन जाळ्यांमध्ये धरून उलटवली जाणारी ही ‘हुलीहुली’ कोंबडी आज स्टेकपेक्षाही प्रसिद्ध आहे. दोघांचे मॅरिनेड सख्ख्या बहिणी म्हणावे इतके सारखे आहे.

या पद्धतीत सर्वांत जास्त गैरसमज अननसाच्या कामाबद्दल आहेत. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. व्हेनेझुएलाचा रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंटे मार्कानो याने ते १८९१ मध्ये वेगळे केले, आणि फळापेक्षा झाडाच्या खोडातून ते भरपूर मिळते हे हवाईत काम करणाऱ्या हाइनिके आणि गॉर्टनर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. पपईच्या चिकातले पपेन आणि आल्यातले झिंजिबेन ही याच कुळातली. ही विकरे मांसाचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन तोडतात, पण जिथे रस पोहोचतो तिथेच, म्हणजे वरच्या काही मिलिमीटरांत. त्यामुळे ताज्या अननसाच्या रसात रात्रभर ठेवलेला स्टेक आतून होता तसाच राहतो आणि बाहेरून मात्र भिजून गेलेल्या पोह्यांसारखा होतो : करडा, बोटाने खरवडला तरी निघणारा, जाळीला चिकटून फाटणारा. असा पृष्ठभाग नीट खरपूसही होत नाही. ताजा रस वापरायचा तर अर्धा तास ते दोन तास पुरेत. एक सेंटिमीटर जाडीच्या पातळ कापाला तर अर्धा तासच.

डबाबंद रसाची गोष्ट वेगळी. डबा भरताना तो तापवलेला असतो आणि ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे ब्रोमेलेन निकामी होते. ताज्या अननसाने जिलेटिनची जेली धरत नाही, डब्यातल्या अननसाने धरते, ते याचमुळे. डबाबंद रस किंवा ताजा रस चार-पाच मिनिटे उकळून वापरला, तर मॅरिनेड रात्रभर, अगदी चोवीस तासही चालते. फक्त मग ते मांस मऊ करील अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचे काम गोडी आणि आंबटपणा देण्याचे. हवाईतल्या घरगुती पाककृतींत डब्यातला रस सर्रास असतो, आणि ‘ताजे ते चांगले’ या सवयीने तो बदलणाऱ्यांचा स्टेक बिघडतो.

मग स्टेक रसदार कशाने राहतो? मुख्यतः शोयूतल्या मिठाने. मॅरिनेडमधले मीठ इतर कशाहीपेक्षा खोलवर जाते आणि प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढवते. आले, लसूण, साखर हे बव्हंशी पृष्ठभागावरच राहतात. चव तिथूनच लागते, म्हणून त्यात काही वाईट नाही. पोटाकडचा फ्लँक आणि छातीच्या पडद्याचा स्कर्ट हे पातळ, ठळक तंतूंचे काप या पद्धतीला अतिशय सोयीचे, कारण त्यांच्यात मांसाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. बरगडीकडचा चरबीदार रिब-आयही वापरतात. साडेतीनशे ग्रॅमच्या दोन कापांना अर्धी वाटी शोयू, अर्धी वाटी अननसाचा रस, दोन-तीन मोठे चमचे तपकिरी साखर, बोटाच्या पेराएवढे किसलेले आले, चार पाकळ्या लसूण आणि चमचाभर तिळाचे तेल एवढे पुरते. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे, अ‍ॅल्युमिनियमचे नको. मुरवण्याची क्रिया फ्रिजमध्येच व्हावी. कच्चे मांस ज्यात बुडाले ते मिश्रण उकळी आल्याशिवाय पुन्हा वापरू नये. वरून लावायला हवे असेल, तर थोडे आधीच बाजूला काढून ठेवणे उत्तम.

बेटांवर भाजण्यासाठी किआवे लाकडाचा कोळसा नावाजलेला आहे. हे झाडही बाहेरचेच. १८२८ मध्ये फादर अलेक्सिस बाशेलो यांनी होनोलुलूत त्याचे पहिले रोप लावल्याची नोंद आहे. आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ त्याच प्रजातीकुळातली, किआवेची जवळची नातेवाईक आहे आणि तिचाही कोळसा पाडला जातो. हे लाकूड जड असते, त्याची आच कडक आणि टिकाऊ असते. घरी बहुधा ओतीव लोखंडाची छोटी हिबाची शेगडी असते. जाळी निखाऱ्यांच्या अगदी जवळ असल्याने काप झटपट भाजून निघतो.

इथे साखर घात करते. अननसातली फळशर्करा ११० अंशांच्या आसपासच तपकिरी होऊ लागते, त्यापुढे करपते आणि निखाऱ्यांवरची जाळी त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. म्हणून काप मॅरिनेडमधून काढून निथळावा आणि कागदाने टिपून कोरडा करावा. बरेच जण चव जाईल या भीतीने हे टाळतात. चव जात नाही. ओला काप मात्र आधी वाफाळतो, मग करपतो. निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढून दुसरी बाजू मंद ठेवावी. तीन सेंटिमीटर जाडीचा काप कडक बाजूला दोन्हीकडून दोन-तीन मिनिटे, मग मंद बाजूला हवा तेवढा वेळ. बाजूला ठेवलेले मॅरिनेड आटवून घट्ट केले, तर ते शेवटच्या एक-दोन मिनिटांत ब्रशने लावतात. तेव्हा कडा बुडबुडतात, चकाकी येते आणि कॅरमेलचा वास सुटतो. त्या क्षणी काप उचलावा.

आतले तापमान ५५ अंशांच्या आसपास असेल तर काप गुलाबी आणि मऊ राहतो. अमेरिकी कृषी खात्याची शिफारस मात्र ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा अशी आहे; लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्यासाठी ती पाळणेच शहाणपणाचे. कापताना सुरी तंतूंच्या आडवी चालवावी. फ्लँक तंतूंच्या दिशेने कापला तर कितीही मुरवलेला असला तरी चिवट लागतो.

मुरवण्याचा आणखी एक लाभ हवाईतच तपासला गेला. कडक आचेवर मांस भाजताना कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली हेटेरोसायक्लिक अमाइन्स ही रसायने तयार होतात. होनोलुलूतील कर्करोग संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये भाजलेल्या गोमांसावर वेगवेगळी मॅरिनेड वापरून पाहिली. तेरियाकी सॉस आणि हळद-लसणाचे मिश्रण यांनी या घटकांचे प्रमाण घटले, तर बाजारातल्या मधाच्या बार्बेक्यू सॉसने ते उलट वाढले.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही. गोव्यात बिफे म्हणजे स्टेक हा पोर्तुगीज वळणाचा, लसूण-मिरीचा पदार्थ जुन्या घरांतून आजही होतो. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि तंतू जाड असतात, त्यामुळे इथे ताज्या फळाच्या विकरांचा उपयोग हवाईपेक्षा जास्त. कबाबांसाठी कच्ची पपई वाटून लावण्याचा आपल्याकडचा रिवाज त्याच तत्त्वावर चालतो आणि तो या मॅरिनेडमध्ये सहज बसतो. पातळ कापलेल्या अर्धा किलो मांसाला सालीसकट वाटलेल्या कच्च्या पपईचा एक चमचा, वर शोयू, आले आणि उकळलेला अननसाचा रस. तासाभराने पपईचा लगदा पुसून काढून काप निखाऱ्यांवर टाकावेत.