छेदिका आली म्हणजे संगत कोन समान झाले का?

‘दोन रेषांना तिसरी रेषा छेदते, तेव्हा संगत कोन समान असतात’, असं एक वाक्य भूमितीच्या युक्त्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. छेदणारी ती तिसरी रेषा म्हणजे छेदिका, आणि दोन्ही छेदनबिंदूंपाशी छेदिकेच्या एकाच बाजूला, सारख्याच जागी असलेल्या कोनांची जोडी म्हणजे संगत कोन. पण हे वाक्य अर्धवट आहे. त्यातली ‘त्या दोन रेषा समांतर असतील तर’ ही अट गळली आहे, आणि सगळा जीव त्या अटीतच आहे.

गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण आकृतीत रेषा बहुतेक वेळा समांतरच काढलेल्या असतात. शिवाय एकाच छेदनबिंदूवरचे विरुद्ध कोन खरोखरच नेहमी समान असतात. त्यांना कुठलीही अट लागत नाही.

पट्टी आणि कोनमापक घेऊन पाहा. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन (दोन रेषांच्या मधल्या भागातले कोन) ८०° आणि ९५° येतील अशा दोन रेषा काढा. ८०° च्या शेजारचा, छेदिकेच्या त्याच बाजूचा कोन १००°. म्हणजे संगत कोनांची जोडी १००° आणि ९५° ची, असमान. आता दोन्ही रेषा त्याच बाजूला वाढवा. आंतरकोनांची बेरीज १७५°, म्हणजे १८०° पेक्षा कमी, म्हणून त्या तिकडे मिळतात आणि त्रिकोण होतो. त्याचा तिसरा कोन ५°. संगत कोनांतला फरकही नेमका तेवढाच! मला हे फार सुंदर वाटतं: रेषा कुठे मिळतात ते कागदावर मावलं नाही, तरी किती अंशात मिळतात ते छेदिकेपाशीच कळतं.

फरक शून्य आला, तर रेषा समांतर. एकाच प्रतलात (सपाट पृष्ठभागावर), एकाच रेषेला लंब असलेल्या दोन रेषा याच कारणाने समांतर ठरतात: दोन्ही संगत कोन ९०°.