शक्तिमानचं किट नाही, म्हणून

टेंबलाईच्या टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची १०९ वी मराठा बटालियन आहे. त्यामुळं लष्कराचा ट्रक ही कोल्हापूरच्या पोरांना नुसती टीव्हीवर बघायची गोष्ट कधीच नव्हती. लांब बोनेटचा, मागं ताडपत्री ओढलेला शक्तिमान चढाला गुरगुरत गेला की आम्ही सायकली आडव्या टाकून बघत उभं राहायचो. पुढं मॉडेलचा, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायचा नाद लागला आणि पहिल्यांदा हाच ट्रक करायचा ठरवलं. तर त्याचं किटच, म्हणजे जुळवायच्या सुट्या भागांचा डबाच नाही. जर्मन ओपेल ब्लिट्झ मिळतो, अमेरिकन जीएमसी मिळतो, शक्तिमान मला आजतागायत एकाही मोठ्या कंपनीच्या यादीत सापडलेला नाही.

गंमत अशी, की शक्तिमानचं घराणंही जर्मनच. एम.ए.एन. कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून तो जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि नंतर तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत बनू लागला. १९६५ आणि १९७१ ची दोन्ही युद्धं त्यानं पाहिली. १९९० च्या दशकात अशोक लेलँडच्या स्टॅलियननं त्याची जागा घेतली. हजारोंनी बनलेली गाडी, पण किट काढणाऱ्यांचं गिऱ्हाईक युरोपात, अमेरिकेत आणि जपानात. ते आपल्या आठवणीतल्या गाड्या मागणार, आपल्या नव्हे.

मग दोन वाटा उरतात. कोऱ्या प्लास्टिक शीटमधून, तारेतून, पत्र्यातून सगळं हातानं घडवायचं, ते स्क्रॅचबिल्डिंग. दोन-चार वेगळ्या किटचे भाग तोडून, कापून, एकमेकांना जोडून तिसरीच गाडी उभी करायची, ते किटबॅशिंग. ही उस्तादांची कामं, नवख्यानं आधी डबा उघडून सूचनेप्रमाणं चिकटवावं, असं सगळे सांगतात. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. हातानं घडवणं आधीचं, डबा नंतरचा.

१९३६ मध्ये इंग्लंडच्या फ्रॉग कंपनीनं पेंग्विन नावानं १/७२ मापाची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी विमानं सुट्या भागांत विकायला काढली. प्लास्टिक किटची सुरुवात तिथून धरतात. ते प्लास्टिक सेल्युलोज अॅसिटेटचं, काळानं वाकडं होणारं. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ मॉडेल म्हणजे लाकूड, पुठ्ठा आणि पॉलिशपेपर. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाला शत्रूची विमानं ओळखायला शिकवण्यासाठी ५ लाख मॉडेलं हवी होती. ती कारखान्याकडून नाही, शाळकरी मुलांकडून लाकूड तासून मागवली गेली. माप १/७२, म्हणजे खऱ्या सहा फुटांना एक इंच.

लष्करी ट्रकवाल्यांचं माप १/३५, आणि त्याचा जन्म तर निव्वळ योगायोगाचा. जपानच्या शिझुओकातली तामिया १९४६ मध्ये लाकडाची गिरणी म्हणून सुरू झालेली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिनं पँथर रणगाडा काढला, मोटरवर चालणारा. आत बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो मोठा केला. पुढं त्याच मापात आणखी रणगाडे काढायचे ठरलं, तेव्हा पँथर मोजला आणि तो खऱ्याच्या साधारण १/३५ भरला. झालं, जगभर तेच माप रुळलं.

इटलीच्या इटालेरीसारख्या कंपन्यांनी ट्रक बरेच काढले, पण रणगाड्याच्या पुढं ट्रक नेहमी दुय्यम आणि ट्रेलर तर सगळ्यात मागं. तामियाचा ड्रॅगन वॅगन, म्हणजे रणगाडा वाहून नेणारा प्रचंड ट्रेलर आणि त्याचा ओढता ट्रक, हा अपवाद. म्हणूनच साधा दोनचाकी ट्रेलर स्वतः करायची चाल पडली. ब्रिटनमध्ये स्लेटर्सचं प्लॅस्टिकार्ड, म्हणजे कोरी प्लास्टिक शीट, आणि अमेरिकेत एव्हरग्रीनच्या प्लास्टिक पट्ट्या मिळू लागल्या, तसं हे काम सोपं झालं. किटबॅशिंगचा गवगवा केला तो १९७० च्या दशकातल्या हॉलिवूडनं. अंतराळयानांच्या अंगावर दिसणारी ती गुंतागुंतीची यंत्रं म्हणजे रणगाड्यांच्या किटमधले सुटे तुकडे होते.

आपल्याकडं ही कला गरजेनंच रुजली. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरचे उरलेसुरले निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडावा लागला. पुढं किटं येऊ लागली, तर फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. कस्टमच्या लेखी स्केल मॉडेल हे खेळणंच. एवढे पैसे मोजून घेतलेल्या किटला करवत लावताना हात थरथरतो, हे कबूल करायला हरकत नाही.

कोल्हापूरला मात्र नसलेली वस्तू घडवून घ्यायची जुनी सवय. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याचीच आठवण. स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात ते याहून वेगळं काय? आज शिवाजी उद्यमनगरात पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा मिळतो, गुजरीत सोनाराची बारीक कानस आणि चिमटे मिळतात, साइनबोर्डवाल्याकडं सनबोर्डचे, म्हणजे पाट्यांच्या हलक्या फोमच्या शीटचे तुकडे फुकट मिळतात. सनबोर्डवर कड नीट येत नाही, म्हणून केबिनला तो वापरू नये. हौद्याच्या तळाला चालतो.

नकाशा नसला तरी मापं निघतात. बाजूनं काढलेला एक सरळ फोटो हवा. टायरवर रिमचा आकडा असतो. रिम २० इंची असेल तर ती ५०८ मिलिमीटर, १/३५ मध्ये साडेचौदा. फोटोतली रिम मोजायची आणि त्या प्रमाणात बोनेट, फाळका, पाटे, सगळं काढायचं. चेसिस आणि पुढचं हाऊसिंग, म्हणजे चाकांच्या आसाचं कवच, मी जीएमसीच्या किटमधून घेतलं. तो ट्रक दुसऱ्या महायुद्धात ५ लाखांवर बनला, त्यामुळं किटही सहज मिळतं. मागचं एक हाऊसिंग उरलं, तेच ट्रकमागं जोडायच्या पाण्याच्या ट्रेलरखाली घालायचं ठरवलं. बाकी ट्रेलर हातानं घडवलेला: पाण्याची टाकी पीव्हीसी पाइपच्या तुकड्याची, ड्रॉबार, म्हणजे ट्रेलर ओढायचा दांडा, पितळी पट्टीचा.

ट्रक आणि ट्रेलर जुळवून झाल्यावर ओळखीच्या एका फॅब्रिकेटरला दाखवला. जन्मभर उसाच्या ट्रॉल्या बनवलेला माणूस. त्यानं रंगाकडं बघितलंच नाही. ट्रक टेबलावर वळवला, ट्रेलरचा कोपरा फाळक्याला टेकला, आणि म्हणाला, "दांडा आखूड झालाय की रं. पहिल्याच वळणाला ठोकणार ही." घरी येऊन ड्रॉबार कापला आणि चार मिलिमीटरनं वाढवला.